लिंबोणीच्या बुडाशी खाडी

माझ्या धाकट्या जावेच्या माहेरून आलेली डबाभर सुकी मासळी मी सडली म्हणून लिंबोणीच्या बुडाशी पुरून टाकली. वरून पायानं माती दाबली, हात राखेनं घासले, पुन्हा शेणानं घासले, पुन्हा राखेनं घासले, आणि आपल्या हातून पुण्याचं काम झालं म्हणून ताठ मानेनं चहा प्यायले. ती मासळी सडलेली बिलकुल नव्हती. सुक्या मासळीचा वास तसाच असतो, हे जगातल्या अर्ध्या माणसांना ठाऊक आहे. मला नव्हतं. आणि मी त्या काळी स्वतःला घरातली सगळ्यात शहाणी सून समजत होते. सुना आम्ही दोनच, म्हणजे शहाणपणाला स्पर्धा तशी थोडीच होती.

माझ्या नाकाचा मला मोठा तोरा होता. दूध नासायच्या आधी मला कळायचं. कणगीतल्या ज्वारीला आतून ओल लागली तर मी लांबूनच सांगायची. पाहुणा आला की त्याच्या पिशवीत काय आहे ते मी ओट्यावरून ओळखायची, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या चारचौघींत सांगायच्या की आमच्या मोठीचं नाक लई तिखट. त्या कौतुकानं माझं नाक जे वर गेलं ते खाली यायला एक खाडी लागली.

आमचं गाव टेंभुर्णीच्या अलीकडं. घर माळकरी. सासरे, म्हणजे मामंजी, यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं घरात अंडंसुद्धा कधी फुटलं नाही. पाणी म्हणाल तर विहिरीचं, फार तर गावाबाहेरच्या पाझर तलावाचं, तेही होळीनंतर तळाला जाऊन शेवाळलेलं. त्या तलावात भोई लोक जाळं टाकायचे आणि त्यांच्या बायका बाजारच्या पार टोकाला पाट्या मांडून बसायच्या. मी त्या टोकाला कधी गेले नाही. वारा तिकडून असला तर पदर नाकाला लावून भाजीच्या ओळीतूनच परत फिरायची. मासा म्हणजे काय, तर ते टोक. एवढीच माझी अक्कल.

आणि अशा घरात धाकटी आली, ती थेट खाडीतून.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, खाली कोकणात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. ते दिवाळीला येतो म्हणून गेले आणि शिमग्याला बायको घेऊन आले. पोरगी मासे मारणाऱ्याची. जातीचं म्हणाल तर त्यावरून घरात जे झालं ते झालं. आत्याबाईंनी अन्न सोडलं, मंग भूक लागली तेव्हा पुन्हा धरलं. मामंजी एवढंच म्हणाले की घरात ते खाणं शिजणार न्हाई. धाकटीनं मान हलवली. भाऊजी तिला ठेवून कामावर परत गेले, आणि ती आमच्यात राहिली, ओल्या वाळूवर चालल्यासारखी टाचा उचलून चालत.

दुपारी आम्ही दोघी तूर नाही तर मूग निवडत बसायचो. तिला बोलायची भारी हौस, आणि बोलणं सारं खाडीचं. तिचं गाव म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला माडांची वाडी आणि मधी अडलेलं पाणी. त्या पाण्याला समुद्राकडं जाऊ न देणारी वाळूची लांब भिंत, तिला ते दांडा म्हणतात. पाणी अर्धं नदीचं, अर्धं समुद्राचं. पावसाळ्यात नदी भरली की पाणी भातात शिरतं, मंग सारं गाव फावडी घेऊन जातं, देवाला सांगतं आणि दांडा फोडतं. फोडलेल्या तोंडातून पाणी धो धो समुद्रात पळतं, त्याच्याबरोबर झिंगे पळतात, आणि तिथंच जाळी लावलेली असतात. समुद्राच्या झिंग्याला ती गोडी नाही, ती म्हणायची, खाडीचा झिंगा दोन्ही पाणी प्यालेला असतो.

मी काय म्हणाले असंल? मी म्हणाले, "म्हणजे सारं गाव नालीच्या तोंडाला पातेलं धरून बसतं म्हण की."

ती हसली. मला वाटलं, पटलं तिला.

ती सांगायची ते ऐकताना मला खरंच मळमळायचं. गुडघाभर चिखलात उतरून पायाच्या बोटांनी शिंपले चाचपायचे. दगडाला चिकटलेली कालवं कोयत्यानं फोडायची आणि आतला तो लिबलिबीत गोळा, शेंबडासारखा, कधीकधी तिथंच तोंडात टाकायचा. हे ती अशा चेहऱ्यानं सांगायची की जसं मी माझ्या माहेरच्या हुरड्याचं सांगावं. मी मुगातला खडा बाजूला काढायची आणि मनात म्हणायची, देवा, भाऊजींना काय दिसलं हिच्यात.

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाला धाकटीला दिवस गेले. त्याआधी एकदा गेले होते आणि तिसऱ्या महिन्यातच सारं संपलं होतं, म्हणून घर धास्तावलं होतं. त्यात तिला अन्न जाईना. भाकरी पुढं केली की तोंड फिरवायची. अंबाडीची भाजी शिजली की अंगणात पळायची. लोणी कढवायला ठेवलं तर पदर नाकाला. जवसाच्या चटणीला तर ती चक्क म्हणाली की हिला तेलाच्या दिव्याचा वास मारतो. माझ्या हातची जवसाची चटणी! मला इतका राग आला. आमच्या खाण्याला वास मारतो म्हणणारी ही कोण, शेंबूड खाणारी. तेव्हा काही मला सुचलं नाही की बाई, ती तुझ्या चटणीपुढं जो पदर धरतीय, तोच पदर तू बाजारच्या टोकाला धरतीस.

ती वाळत चालली. गळ्याची हाडं दिसायला लागली. आत्याबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "ही काय खाऊन न्हाई राह्यली, मंग लेकरू काय हवा खाऊन वाढंल?" आणि मामंजींकडं बघायच्या. मामंजी पोथीकडं बघायचे.

अशात कोकणातून कामावरचा एक गडी सुट्टीवर गावाकडं आला आणि भाऊजींनी दिलेला पत्र्याचा डबा पोचवून गेला. धाकटीच्या आईनं लेकीसाठी पाठवलेला. तोंडाला फडकं, त्यावर काथ्याची दोरी. डबा ओट्यावर टेकला आणि आत तुळशीपाशी बसलेल्या मामंजींनी जप थांबवला. आत्याबाईंनी हुकूम केला की ही वस्तू उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. डबा गोठ्यात गेला, म्हशीच्या दावणीवरच्या खुंटीला लटकला. म्हसरं दोन दिवस त्याच्याकडं मान वाकडी करून बघत होती.

धाकटीनं डबा खायला मागितला नाही. मागायची सोयच नव्हती. ती फक्त सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जायची. एकदा मी शेण भरायला गेले तर बघते, बाई म्हशीपाशी उकिडवी बसलेली, मांडीवर डबा, फडकं सोडलेलं, आणि डोळे मिटून आतलं हुंगतीय. लांब श्वास घेते, सोडते, पुन्हा घेते. मला बघून तिनं जल्दी फडकं बांधलं.

आता माझ्यासारख्या तिखट नाकाच्या बाईनं याचा काय अर्थ काढावा? मी काढला, की बिचारी वास घेऊन बघतीय, खराब झालं का म्हणून. झालंय हे तिला कळतंय. पण आईनं पाठवलेली वस्तू टाकवत नाही. असल्या अवस्थेत रोज जाऊन सडका वास पोटात घेतीय, म्हणूनच अन्न जात नाही तिला. हे माझं मीच शोधून काढलं आणि स्वतःवर खूश झाले. ठरवलं की ती दुपारी आडवी झाली की आपण हे निस्तारायचं, आणि विचारलं तर मांजरावर ढकलायचं.

तो डबा मी उघडला ती दुपार माझ्या नाकातून अजून गेलेली नाही. वैशाखाचं ऊन, पत्र्याचा गोठा, म्हशीचं मूत आणि त्यात तो वास. नुसता वास नव्हे, तो अंगावर आला. जिभेवर बसला. वरती फाडून वाळवलेले मोठे मासे होते, त्यांच्यावर पांढरा थर. मी म्हटलं, बुरशी. ते मीठ होतं. खाली बारीक झिंग्यांचा चुरा, आणि त्यातल्या प्रत्येक झिंग्याला काळा ठिपका, म्हणजे डोळा. ओंजळभर चुऱ्यात शेकड्यानं डोळे, सगळे माझ्याकडं लागलेले. आणि मधून मधून काळपट गोल दाणे. म्हटलं, घ्या, उंदीरही जाऊन आले. ती तिरफळं होती, माशाच्या कालवणात घालायची. मी दारामागं जाऊन दोनदा थुंकले, ओठ मिटून नाकावर पदर गच्च बांधला, आणि दरोडेखोरासारखी परसात गेले.

परसात न्हाणीच्या मोरीपाशी एक लिंबोणी होती. लावून कैक वर्षं झाली, पण हातावर मोजावीत इतकीच लिंबं द्यायची, तीही गोटीएवढी. तिच्या बुडाशी माती मऊ होती. खुरप्यानं खड्डा केला, डबा उलटा केला, माती लोटली. मंग तो राखेचा आणि शेणाचा सोहळा. मंग चहा.

त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर आत्याबाईंनी सुईणीला बोलावलं. गल्लीच्या त्या टोकाला राहणारी म्हातारी, आम्ही तिला अम्मा म्हणायचो. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्याच हातची. तिनं धाकटीचं पोट चाचपलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसली. आत्याबाईंनी विचारलं, काय काढा द्यावा. अम्मा म्हणाली, काढाबिढा काही नको. मंग सरळ मामंजींकडं बघून म्हणाली, "उसकू जो होना वो देओ. पेट में बच्चा है उसके, तुम्हारा नेम-धरम नहीं."

डोहाळे पुरवायचे असतात, हे माळकऱ्यालाही मान्य असतं. पण हे डोहाळे? मामंजींनी घसा खाकरला. माळ चाचपली. पुन्हा खाकरला. आणि म्हणाले, गोठ्यात तीन दगडांची चूल मांडा, भांडं वेगळं करा, आणि मला ते दिसू देऊ नका.

धाकटी दारात उभी होती. किती दिवसांनी तिच्या तोंडावर रंग दिसला. वाळकी पोरगी, पण वाऱ्यासारखी गोठ्यात गेली. मी ओट्यावरच होते. माझ्या हातात अम्मासाठी आणलेला चहाचा कप होता, तो मीच पिऊन टाकला.

तिनं गोठ्यातून हाक मारली, "वैनी, डबो खय असा?"

मांजराचं नाव तोंडात आलं होतं, पण मांजर तिथंच अम्माच्या पायाशी झोपलेलं. म्हणाले, "खराब झाल्तं गं ते. मी लिंबोणीपाशी पुरलं."

ती गोठ्यातून बाहेर आली. लिंबोणीपाशी गेली, खाली बसली आणि हातानं माती उकरायला लागली. दुपारपासून घरातली धुणी, भांडी आणि सगळ्यांचं हातपाय धुणं मिळून मोरीचं पाणी त्या खड्ड्यात उतरलं होतं. साबणाचा फेस, माती, झिंगे, सगळ्याचा काळा लगदा झालेला, त्यावर मुंग्या. तिनं ओंजळीत घेतला तर बोटांतून गळला. ती तरी नाकाजवळ नेऊन बघत होती. मी तोंड फिरवलं आणि मोरीतच ओकले. जे सडलं नव्हतं ते मी सडवलं होतं.

पुढचं गावकुत्र्यांनी केलं. रात्रीतून त्यांनी खड्डा वर काढला, आणि सकाळी मामंजी पारावर माळकऱ्यांत बसलेले असताना एका कुत्र्यानं मोठ्या इमानानं अर्धा खारा मासा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. मामंजी घरी आले, पाय धुतले, पुन्हा धुतले. आणि त्या दिवशी पाणी माझ्या हातून न घेता आत्याबाईंच्या हातून मागून घेतलं.

मंग सुरू झाली माझी वरात. आत्याबाई म्हणाल्या, तुझ्यापायी गेलं, तूच आण. आठवडी बाजारच्या त्या टोकाला मी आयुष्यात पहिल्यांदा गेले. पाट्यांवर माशा, त्यांच्याखाली काळे गुळगुळीत जिवंत मासे, तोंड उघडून मिटणारे, आणि एका गोणपाटावर सुक्या झिंग्यांचा ढीग. विकणारी माझ्या पदराकडं बघून म्हणाली, "नाक सोडा की बाई. धरलेल्या नाकानं कसं पारखून घेताल?" आजूबाजूच्या खिदळल्या. ती पुडी मी काठीच्या टोकाला बांधून, हात लांब करून, सापाला नेतात तशी घरी नेली. आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की साप आहे.

गोठ्यातल्या चुलीवर मीच ते भाजलं. धूर डोळ्यात जाईना इतकं तोंड फिरवून भाजलं. धाकटीनं एक चिमूट तोंडात घातली आणि भडभडून ओकली. म्हणाली, "ह्यात खाडी नाय." मंग अम्माच्या सुनेनं तलावातला ताजा मासा रांधून आणला. त्याला चिखलाचा वास, म्हणाली. मी मनात म्हटलं, आणि तुमच्या तिकडं काय अत्तराची तळी आहेत का. पण तोंडानं बोलायची माझी सोय राहिली नव्हती. ती भिंतीला टेकून बसली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"पोचव तिला," आत्याबाई मला म्हणाल्या. "तूनं पुरलं, तूच पोचव. पोर जगली पायजे."

आमच्यात बाळंतपणाला माहेरी सातव्यात पाठवतात. ही चौथ्यातच निघाली, आणि सोबतीला मी. जालन्याहून एक गाडी, तिथून दुसरी, मंग तिसरी, घाट उतरताना माझंच पोट ढवळलेलं आणि तीच माझी पाठ चोळतीय. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या गाडीतून उतरलो तेव्हा तिनं तोंड वर करून हवा घेतली, जशी गोठ्यात घेत होती. मीही घेतली. आणि पदर शोधायला लागले.

ते सारं गाव म्हणजेच एक डबा होता. झाकण नसलेला.

पावसाआधीचे दिवस. दांडा अजून फोडलेला नव्हता, त्यामुळं खाडीचं पाणी तुंबलेलं, हिरवं, जाड, कडेला फेसाची साय धरलेलं. चिखल डांबरासारखा काळा, आणि पाय पडला की त्यातून नासलेल्या अंड्यासारखा वास बुडबुड्यानं वर यायचा. घराच्या कुंपणावर जाळी वाळत घातलेली, त्यांच्यात अडकलेली कुठली तरी शेपूट. अंगणात खेकडा आडवा चालत माझ्या चपलेकडं आला. मी खाटेवर चढले. धाकटीच्या आईनं तो उचलला आणि बोलता बोलता टोपलीत टाकला, जशी आपण पोराची गोटी बाजूला ठेवतो.

मंग तिनं लेकीला बघितलं. लेकीचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. आत गेली, आणि भाताची ऊन ऊन पेज आणली, बाजूला भाजलेले झिंगे, त्यात ओलं खोबरं. धाकटी ओसरीवर बसली आणि खायला लागली. खाल्लं, पुन्हा मागितलं, पुन्हा मागितलं. बोटं चाटली. मी खांबामागून बघत होते. तो वास नाकात शिरत होता, पण नजर काढवत नव्हती. पोरीच्या पोटात काही तरी राहतंय, हे मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बघत होते. तिच्या आईनं मलाही विचारलं. मी केळं मागितलं. त्या मुक्कामात मी केळीच खाल्ली, आणि पेज, आणि माझ्याबरोबर नेलेली जवसाची चटणी.

एका सकाळी बायका ओहोटीला शिंपले काढायला निघाल्या आणि मला म्हणाल्या, चल. नको म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. गुडघ्याएवढ्या चिखलात उतरले. पायाखाली काही तरी वळवळलं. काय ते मी आजवर विचारलेलं नाही. बायका हसत, कुणाची तरी खोड काढत, पायाच्या अंगठ्यानं शिंपला उचलून मागच्या मागं हातात घेत होत्या. मी एक उचलला, तो दगड निघाला. दुसरा उचलला, तो रिकामा. आणि तेव्हा समोरून पांढऱ्या बगळ्यांचा थवा उठला, दांड्यापलीकडं समुद्र वाजत होता. हे छान आहे असं म्हणावं की नाही असा विचार करतेय तोच माझी चप्पल चिखलानं गिळली. म्हणून नाही म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी धाकटीच्या वडिलांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांच्याकडं काहीही करायचं असलं, दांडा फोडायचा असो की जाळं नवीन असो, की आधी देवाला तोंडानं सगळं सांगतात, जसं पाटलाला सांगावं. खाडीच्या काठी झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड. वाडीतली माणसं जमली. नारळ पुढं ठेवून म्हातारा हात जोडून बोलायला लागला, आणि दर वाक्यामागं सगळे एका आवाजात होकार द्यायचे.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू पोटुशी होवन तुझ्या पायाशी इला हा, तेचा बरा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या पोटातलो जीव सुखरूप भायर काड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

चेडू म्हणजे पोरगी, एवढं मला धाकटीकडून ठाऊक झालं होतं. मीही त्या होकारात हळूच आवाज मिसळला. मंग म्हाताऱ्यानं मान माझ्याकडं वळवली.

"आणि ही घाटावरची बाय, हिना तुझ्या खाडीचो घास अजाणतेपणान मातयेत पुरल्यान, तेचा काय मनार घेव नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि हिच्या नाकाक जरा समज दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी वाडी म्हणाली, आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज धाकटीचा.

मला वाटलं, जमीन फाटावी. पण तिथली जमीन म्हणजे तो चिखल. तो फाटला असता तरी मी आत गेले नसते.

पोरगी झाली, माहेरीच, चांगली बाळसेदार. थंडीत भाऊजी दोघींना घेऊन आले. धाकटीचे गाल भरले होते. तिनं मागं लपवून आणखी एक डबा आणला होता, आणि तो गोठ्यातल्या त्याच खुंटीला टांगला. मी खुंटीखालून जाताना श्वास धरायची, आणि धाकटी मला बघून आपला श्वास मोठ्यानं सोडायची.

देवानं माझ्या नाकाला समज दिली नाही, हे इथंच सांगून टाकते. धाकटीनं पुढं किती वर्षं परसात चूल लावली, तिच्या पोरी मोठ्या झाल्या, माझी नातवंडं तिच्या ताटात जेवून माझ्या मांडीवर येऊन बसतात आणि मुद्दाम तोंडावर ढेकर देतात. मी अजून उठून दुसऱ्या खोलीत जाते. मला किळस येते ती येते. फक्त आता मी ती माझ्यापाशी ठेवते, खड्डा करायला जात नाही.

पण त्या पुढल्या उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. लिंबोणी अशी लगडली की फांद्या मोरीवर टेकल्या. पिवळी, रसाळ, मुठीएवढी लिंबं. आत्याबाईंना वाटलं, नातीचा पायगुण. मी आणि धाकटीनं बरण्या भरून लोणचं घातलं. मामंजी ताटात बोट फिरवून शेवटचा थेंब चाटायचे आणि म्हणायचे, औंदा लोणच्याला काय चव आली. ते शेजाऱ्यांना दिलं, माळकऱ्यांना दिलं, पारावर नेऊन वाटलं. त्या चवीचं कारण मला ठाऊक होतं, पण मी जीभ आवळून बसले. मामंजी गेले तोवर त्या झाडाचं लोणचं खात होते, आणि त्यांच्या माळेला काही झालं नाही.

लोणचं घालायच्या दिवशीचंच सांगते. आम्ही दोघी लिंबोणीच्या सावलीत लिंबं पुसत बसलो होतो. तिची पोर माझ्या मांडीवर, मुठीत लिंबू धरून. मी पहिल्यांदाच म्हणाले की बाई, मी तेव्हा फार मूर्खपणा केला, तुझ्या आईचं सारं मातीत घातलं. धाकटीनं लिंबू फडक्यानं पुसलं, उन्हात धरून बघितलं, मान वर करून झाडाकडं बघितलं, आणि म्हणाली:

"वैनी, ह्या घरात नाक न मुरडता माझ्या माहेरचा पोटभर कोणी खाल्ल्यान, तर ह्या एका झाडान."